घरचा प्रिंटर स्वस्त पडतो तो कधी?

गोव्यातल्या डिचोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात दोन मुलं, एक सातवीत, एक दहावीत. महिन्याला साठ-पासष्ट पानं छापावी लागतात, त्यातली वीसेक रंगीत, शाळेच्या प्रकल्पांची. बाकी सराव प्रश्नपत्रिका, अर्ज, कधी जमिनीचा एक-चौदाचा फॉर्म. आधीचा कार्ट्रिजवाला प्रिंटर दोन वर्षांत बसला. दुकानदार पुन्हा तसलाच साडेपाच हजारांचा दाखवतोय. शेजारी म्हणतात, बारा हजार घाला आणि इंक टँक घ्या, म्हणजे कार्ट्रिजऐवजी बाटलीनं टाकीत शाई भरायचा प्रिंटर. बजेट आठ-नऊ हजार, पण पटलं तर वाढवायची तयारी आहे. शिवाय शंभर-सव्वाशेला मिळणारी बाहेरची शाई भरली तर चालेल का, हेही विचारलंय.

उत्तर आधी सांगतो. तुम्ही लिहिलाय तेवढा वापर खरोखर असेल तर इंक टँक घ्या, बजेट तीन हजारांनी वाढवूनही. बाटली कंपनीचीच वापरा. मात्र हा सल्ला एका अटीवर आहे: आठवड्यातून किमान एक रंगीत पान त्या यंत्रातून निघालं पाहिजे, पावसाळ्यातही आणि मे महिन्याच्या सुट्टीतही. ही अट पाळणं जमणार नसेल तर माझं उत्तर वेगळं आहे. तेही पुढे लिहितो.

प्रिंटर निवडताना बहुतेक लोक दोनच आकडे बघतात, यंत्राची किंमत आणि शाईची किंमत. खर्च ठरतो तो आणखी दोन गोष्टींवर. एक, तुमच्या पानावर शाई किती बसते. दुसरी, न छापता साफसफाईतच किती शाई वाहून जाते. कार्ट्रिजच्या खोक्यावर जो पानांचा आकडा असतो तो आयएसओ २४७११ या पद्धतीनं मोजलेला असतो. ठरावीक नमुना पानं सलग छापत राहायची आणि शाई संपेपर्यंत मोजायची. त्या पानांवर प्रत्येक रंगाची शाई सरासरी पाच टक्क्यांच्या आसपासच असते, म्हणजे चार ओळी मजकूर, एखादं छोटं चित्र. मुलांच्या प्रकल्पाचं पान असं नसतं. वर निळं आकाश, खाली हिरवं भातशेत, मध्ये मोठा मथळा. अशा एका पानाला नमुना पानाच्या तिप्पट शाई सहज लागते, पूर्ण पानभर फोटो असेल तर त्याहून कितीतरी जास्त. शिवाय घरी आपण सलग छापत नाही. आज दोन पानं, चार दिवसांनी एक. प्रत्येक वेळी यंत्र सुरू झालं की ते थोडी शाई हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, साफ करण्यात घालवतं.

आता हिशेब मांडू. तीन वर्षं धरा. महिन्याला ६५ पानं म्हणजे एकूण २,३४० पानं. त्यातली ७२० रंगीत. किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, तेव्हा खालचे आकडे अंदाजाचे समजा आणि स्वतःच्या दुकानातले भाव घालून पुन्हा मांडा.

साडेपाच हजारांचा, त्यातल्या त्यात बऱ्या कार्ट्रिजचा प्रिंटर घेतला, ज्याचं काळं कार्ट्रिज ४०० पानं देतं आणि ७५० रुपयांना पडतं, रंगीत १५० पानं देतं आणि ८५० ला पडतं. काळी सहा कार्ट्रिज लागतील, ४,५०० रुपये. रंगीत कागदोपत्री पाच पुरतात. पण प्रकल्पाचं पान तिप्पट शाई खातं हे धरलं तर पंधरा लागतात, म्हणजे १२,७५० रुपये. यंत्र धरून एकूण पावणेतेवीस हजार. हे बऱ्या कार्ट्रिजचं. सर्वांत स्वस्त प्रिंटरांच्या काळ्या कार्ट्रिजवर १०० ते १२० पानांचा आकडा असतो. आठशे रुपये भाव धरला तर एक काळं पान सहा-सात रुपयांच्या पुढे जातं. झेरॉक्सच्या दुकानात तेच पान दोन ते पाच रुपयांत मिळतं. म्हणून दुकानात यंत्राची किंमत विचारायच्या आधी कार्ट्रिजचा नंबर विचारा आणि त्याच्या खोक्यावरचा पानांचा आकडा वाचा. यंत्र जितकं स्वस्त, तितका तो आकडा बहुधा लहान.

इंक टँकचं गणित वेगळं. एप्सनच्या एल ३२१० किंवा एल ३२५० ला लागणारी ००३ क्रमांकाची काळी बाटली ६५ मिलिलिटरची, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ४,५०० पानं देणारी. तिन्ही रंगीत बाटल्या मिळून ७,५०० पानं. खोक्यातल्या पहिल्या भरणातली बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यात जाते, त्यामुळे पहिला संच एवढा पुरत नाही. तरीही तुमची २,३४० पानं, रंगीत तिप्पट धरूनसुद्धा, बहुतेक त्याच संचात किंवा आणखी एखाद्या काळ्या बाटलीत होतील. म्हणजे बारा-साडेबारा हजारांचं यंत्र आणि वर फार तर पाचशे-हजार. दुकानदार साडेपाच हजारांचं यंत्र दाखवतोय, पण तीन वर्षांनी हिशेब केला तर फरक नऊ-दहा हजारांचा निघतो, आणि तोही टँकच्या बाजूनं.

इथेच बाहेरच्या शाईचाही निकाल लागतो. काळी बाटली साधारण चारशेला धरली तर ४,५०० पानांना भागून एका पानाची शाई नऊ पैशांना पडते. बाहेरची शाई तीन पैशांना पडेल असं समजू. वाचले सहा पैसे. २,३४० पानांवर ते होतात जेमतेम १४० रुपये, तीन वर्षांत. रंगीत शाईत थोडे जास्त वाचतील. पण त्या शाईनं हेड तुंबलं तर दुरुस्तीचा आकडा हजारांत जातो आणि वॉरंटीतही अडचण येते. दिवसाला दोनशे पानं काढणाऱ्या दुकानाला बाहेरची शाई परवडते, कारण त्याची बचत मोठी असते आणि हेड कधी सुकत नाही. घराला ती बचत होतच नाही.

आणि कागदाचा भाव बघा. पाचशे पानांची ७५ जीएसएमची (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) रीम तीनशेच्या आसपास, म्हणजे एक कोरं पान साठ पैसे. टँकमध्ये काळ्या शाईपेक्षा कागद सहा-सातपट महाग पडतो. तेव्हा बचत करायचीच असेल तर सराव प्रश्नपत्रिका पाठपोट छापा. या वर्गातल्या बहुतेक यंत्रांत पान हातानं उलटून घालावं लागतं, पण ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, तशी सोय असते आणि कोणती बाजू वर ठेवायची ते पडद्यावर दिसतं.

आता टँक कोणी घेऊ नये ते. ज्या घरात कर्ता माणूस तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला आहे, तो गेल्यावर सहा-सहा महिने कुणी प्रिंटरला हात लावत नाही, त्या घरानं घेऊ नये. गावचं घर चवथीला आणि मे महिन्यात तेवढं उघडतं, तिथे ठेवायला घेऊ नये. महिन्याला दहा-पंधरा पानंच लागतात त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात जाणंच बरं, घरात यंत्र आणून ठेवण्यात अर्थ नाही. वापर तुटक असेल आणि तरीही घरी रंगीत हवंच असेल, तर अशा घराला हेड कार्ट्रिजमध्येच असलेला प्रिंटर जास्त सोयीचा. कार्ट्रिज सुकलं की नवीन घालायचं, नव्या कार्ट्रिजबरोबर हेडही नवं येतं. महाग पडतं, पण यंत्र वाचतं.

फक्त काळं-पांढरं लागत असेल, तर काळ्या टोनरचा लेझर प्रिंटर बघा. टोनर ही पूड आहे, ती सुकत नाही, चार महिन्यांनी चालू केला तरी पहिलं पान स्वच्छ येतं. मात्र त्याला कागद तापवावा लागतो. चालू होताना तो शेकडो वॉट खेचतो, त्यामुळे घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर किंवा कॉम्प्युटरच्या यूपीएसवर तो लावू नये. इंकजेट छापताना पंधरा-वीस वॉटच्या आसपासच घेतो, साध्या यूपीएसवर आरामात चालतो. जिथे पावसात दिवसातून तीनदा वीज जाते तिथे हा फरक छोटा नाही.

तुमच्या घरी रंगीत लागतं आणि वापर नियमित आहे, तेव्हा टँकवरच राहू. दुकानात एप्सन, कॅनन, एचपी आणि ब्रदर असे चारही दिसतील. चौघांचीही पानामागची शाई इतकी स्वस्त आहे की त्यावरून निवड करायचं कारण नाही. कॅननच्या जी २०१० साठीची काळी बाटली १३५ मिलिलिटरची आणि ६,००० पानांची, एचपीच्या स्मार्ट टँकची मोठी काळी बाटलीही तेवढीच. फरक बघायचा तो तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण हेड. एप्सनमध्ये हेड यंत्राचाच भाग असतं. ते स्फटिकाच्या कंपनानं शाई ढकलतं, शाई तापवत नाही, त्यामुळे टिकाऊ. पण तुंबलं आणि सुटलं नाही तर बदलायला सेवा केंद्रच गाठावं लागतं आणि खर्च यंत्राच्या किमतीच्या अर्ध्याच्या जवळ जाऊ शकतो. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये हेड शाई तापवून फेकतं, आणि ती हेड काढून नवीन घालता येतात. ती हेड कोरडी चालली तर लवकर जळतात, म्हणून टाकीतली शाई खालच्या रेषेखाली कधीही जाऊ देऊ नका. ही सूचना चौघांनाही लागू आहे, कारण रेषेखाली गेलं की नळीत हवा शिरते आणि ती काढायला पुन्हा ढीगभर शाई लागते.

दुसरं, काळी शाई कसली आहे ते. कॅनन जी मालिकेत आणि एचपी स्मार्ट टँकमध्ये काळी शाई पिग्मेंटची असते, म्हणजे रंगाचे बारीक कण कागदाच्या वरच बसतात. एप्सनच्या ००३ मध्ये काळीही डाय असते, पाण्यात विरघळलेला रंग, तो कागदाच्या धाग्यांत शिरतो. जून ते सप्टेंबर हा फरक डोळ्यांना दिसतो. दमट कागदावर दहा पॉइंटचा देवनागरी मजकूर डायच्या काळ्या शाईनं छापा आणि पान उजेडाला धरा. शिरोरेषा किंचित जाड झालेली असते, अनुस्वाराचा ठिपका वेलांटीला चिकटतो, 'द्ध' आणि 'क्ष' यांच्या पोटातली पांढरी जागा भरून जाते. कोरड्या कागदावर हेच पान नीट येतं. शिवाय पिग्मेंटच्या पानावर पाण्याचा थेंब पडला तर अक्षर टिकतं, डायचं पसरतं. सरकारी कचेरीत पावसातून अर्ज घेऊन जाणाऱ्याला हे महत्त्वाचं आहे. तुमची दोन तृतीयांश पानं मजकुराची आहेत, म्हणून मी पिग्मेंट काळ्याकडे झुकेन. फोटो आणि रंगीत प्रकल्प जास्त असते तर चारही डाय असलेलं यंत्रही तितकंच चांगलं ठरलं असतं.

तिसरं ठिकाण वेस्ट इंक पॅड. याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. हेड साफ करताना वाहणारी शाई यंत्राच्या तळाशी एका शोषक पॅडमध्ये जमते. यंत्र आत मोजणी ठेवतं. आकडा भरला की ते छपाई थांबवतं, दिवे आलटून पालटून लुकलुकतात, कॅननच्या जुन्या जी मालिकेत ५बी०० असा कोड येतो. यंत्र बिघडलेलं नसतं, पॅड बदलून आकडा शून्यावर आणायचा असतो. काही यंत्रांत हे काम सेवा केंद्राचं. कॅननच्या जी २०२० आणि जी ३०२० मध्ये मात्र एमसी-जी०२ नावाचा डबा असतो, तो आपण स्वतः ओढून बदलू शकतो. डिचोली, सत्तरी, काणकोण, सांगे अशा ठिकाणी राहणाऱ्याला पॅडसाठी पणजीची किंवा मडगावची खेप वाचणं ही मोठी सोय आहे. ज्या मॉडेलकडे तुमचा कल असेल त्यात पॅड कोण बदलतं, हा प्रश्न दुकानात नक्की विचारा. तसंच वॉरंटीत माणूस घरी येतो की यंत्र आपण न्यायचं, हेही बिलावर लिहून घ्या.

कागद कुठून जातो यालाही गोव्यात किंमत आहे. पाठीमागून उभा कागद घालायचा ट्रे उघडा असतो. रात्रभर त्यात पन्नास पानं राहिली तर पावसात ती सकाळपर्यंत मऊ होऊन पुढे वाकतात, मग दोन-दोन पानं एकदम ओढली जातात किंवा कोपरा दुमडून अडकतात. ब्रदरच्या डीसीपी-टी २२० सारख्या यंत्रात पुढे खाली १५० पानांचा बंद ट्रे असतो, त्यात कागद तुलनेनं सुरक्षित राहतो. पाठीमागचा ट्रे असेल तर साधा नियम ठेवा: लागतील तेवढीच पानं घाला, काम झालं की उरलेली काढून घ्या.

रीमचं वेष्टन फोडल्यावर उरलेला गठ्ठा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आडवा ठेवा आणि त्यात सिलिका जेलच्या तीन-चार पुड्या टाका. पुड्या महिन्यातून एकदा वाळवून पुन्हा घाला. पावसाळ्यात ७० ऐवजी ७५ किंवा ८० जीएसएम घ्या, पातळ कागद लवकर लवतो. घालण्याआधी गठ्ठ्याच्या कडा अंगठ्यानं फुलवून घ्या, म्हणजे ओलीनं चिकटलेली पानं सुटतात.

उन्हाळ्यात त्रास धुळीचा. डिचोलीला खाणपट्ट्याची लाल धूळ वेगळी सांगायला नको. ती कागद ओढणाऱ्या पिक-अप रोलरच्या रबरावर बसली की रबर गुळगुळीत होतं आणि ट्रेमध्ये कागद असूनही यंत्र 'कागद नाही' म्हणतं. प्लग काढून, धागे न सुटणारं सुती कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि रोलर बोटानं फिरवत पुसा. कापडावर लालसर पट्टा उमटतो. तो उमटायचा थांबेपर्यंत पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, रबर तडकतं. वापर नसेल तेव्हा यंत्रावर सुती कापड टाका. मुंग्या आणि पाली आत शिरतात, आणि पालीची अंडी गिअरमध्ये अडकून यंत्र आवाज करत थांबणं हे आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही. बंद कपाटात मात्र ठेवू नका, तिथे हवा खेळत नाही आणि स्कॅनरच्या काचेला आतून बुरशी धरते.

आता विजेचं. यंत्र नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करा. बटण दाबलं की हेड सरकत उजव्या टोकाला जातं आणि रबराच्या टोपीवर बसतं, त्यामुळे नोझल, म्हणजे हेडची बारीक छिद्रं, हवाबंद राहतात. भिंतीवरचा स्विच आधी बंद केला, किंवा छापता छापता वीज गेली, तर हेड मध्येच उघडं राहतं. ते रात्रभर तसंच राहिलं तर सकाळी छपाईतल्या काही रेघा गायब. म्हणून वीज आली की यंत्र एकदा चालू करून बटणानं बंद करा. यूपीएस असेल तर हा प्रश्नच उरत नाही. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटात प्लग काढा, यूएसबीची तारही काढा, कारण विजेचा झटका तारेतूनही येतो. पण आधी बटण, हेड टोपीवर बसल्याचा आवाज, मग प्लग. हा क्रम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आठवड्याच्या त्या एका पानासाठी वेगळं काही छापायची गरज नाही. ड्रायव्हरच्या मेंटेनन्स भागात 'नोझल चेक' असतं, त्याला नगण्य शाई लागते. त्यात चारही रंगांच्या जाळीसारख्या रेघा उमटतात. सगळ्या अखंड असतील तर काहीही करू नका. रेघ तुटलेली दिसली तरच 'हेड क्लीनिंग' एकदा, पुन्हा नोझल चेक. तीनदा करूनही सुटलं नाही तर थांबा. यंत्र बंद करून बारा तास तसंच ठेवा. आत सुकलेली शाई ओलाव्यानं सैल होते आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी एका क्लीनिंगमध्ये मोकळी होते. बहुतेक लोक इथेच घाई करतात, एका संध्याकाळी आठ-दहा क्लीनिंग मारतात, पाव टाकी शाई पॅडमध्ये ओततात आणि पॅडचा आकडाही पुढे ढकलतात. 'पॉवर क्लीनिंग' हा शेवटचा उपाय, तोही टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असतील तरच, नाहीतर नळ्यांत हवा जाते.

प्रकल्पांची शाई कमी करायची असेल तर मुलांना दोन सवयी लावा. पानाची पार्श्वभूमी पांढरी ठेवायची, आणि मजकुराची पानं 'ग्रेस्केल' निवडून काढायची, नाहीतर काळ्या मजकुरातही थोडी रंगीत शाई मिसळली जाते. कच्चं पान 'ड्राफ्ट'मध्ये बघून मगच पक्कं काढायचं. साध्या कागदावर छापताना कागदाचा प्रकार 'फोटो' ठेवला तर पिग्मेंटची काळी शाई वापरलीच जात नाही, तिन्ही रंग मिसळून काळं केलं जातं. शाई जास्त जाते आणि अक्षर तपकिरी दिसतं. हे सेटिंग एकदा फोटोसाठी बदललं की तसंच राहून जातं, तेव्हा तपासत चला.

वायफाय घ्यावं का? मुलं मोबाइलवरून छापणार असतील तर दीड-दोन हजार जास्त देणं पटण्यासारखं आहे. या वर्गातली बरीच यंत्रं फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात. राउटर दोन्ही पट्ट्यांचा असेल तर मोबाइलही २.४ वर जोडून मगच प्रिंटर जोडा, 'प्रिंटर सापडत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते. जुन्या चिरेबंदी घरात दोन जाड भिंती पार करून सिग्नल जात नाही. तिथे प्रिंटर राउटरच्या खोलीत ठेवा, नाहीतर बिनवायफायचं मॉडेल घेऊन यूएसबीनं लावा आणि पैसे वाचवा. स्कॅनर मात्र असू द्या. आधार, दाखले, गुणपत्रिका पाठवायला तो सतत लागतो आणि त्यासाठी फार जास्त मोजावे लागत नाहीत.

घ्यायच्या दिवशी दुकानात बाटल्यांवरची मुदत वाचा, जुना साठा असेल तर बदलून मागा. राखीव बाटल्यांचा ढीग विकत घेऊ नका, उघडलेली बाटली लवकर वापरावी असं कंपन्याच सांगतात. एक काळी जादा पुरे. घरी आणल्यावर यंत्र सपाट, भक्कम टेबलावर ठेवा, पंख्याच्या थेट वाऱ्याखाली नको. आतल्या सगळ्या नारिंगी किंवा निळ्या चिकटपट्ट्या काढा. बाटलीचा रंग आणि टाकीचा रंग मोठ्यानं वाचून मगच ओता, एकदा चुकीच्या टाकीत गेलेली शाई परत काढणं जिकिरीचं असतं. वरच्या रेषेपर्यंतच भरा. पहिल्या भरणाला दहा ते वीस मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात वीज जाणार नाही अशी वेळ निवडा किंवा यूपीएसवर लावा, कारण हे मध्येच तुटलं तर नळ्यांत हवा राहते. भरण झालं की लगेच नोझल चेकचं पान काढा, त्यावर तारीख घाला आणि बिलाबरोबर जपून ठेवा. पुढे कधी सेवा केंद्रात वाद झालाच तर पहिल्या दिवशी सगळ्या रेघा अखंड होत्या, हे त्या पानावरून दाखवता येतं.

भरलेलं यंत्र पुढे कधी दुरुस्तीला न्यायची वेळ आली तर ते आडवं-तिरकं करू नका. टाक्यांची टोपणं घट्ट लावा, झडप असलेल्या मॉडेलमध्ये ती बंद करा, आणि स्कूटरच्या पुढ्यात ठेवण्यापेक्षा गाडीच्या सीटवर सपाट ठेवून न्या.